राजसत्तेचा प्रतिनिधी आणि स्वविवेकाचा अधिकार : मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदाचा ऐतिहासिक अभ्यास (१८५८–१९४७)

प्रस्तावना

ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींचा इतिहास लिहिताना गव्हर्नर या पदाचा उल्लेख पदोपदी येतो. अमुक गव्हर्नरच्या काळात अमुक सुधारणा झाली, अमुक इमारत उभी राहिली, अमुक कायदा संमत झाला, अशा स्वरूपाची माहिती आपल्या पाठ्यपुस्तकांतही विपुल आहे. परंतु व्यक्ती बाजूला ठेवून त्या पदाचा विचार फारसा केला जात नाही. गव्हर्नर हा ब्रिटिश राजसत्तेचा प्रतिनिधी होता असे आपण सहज म्हणतो. मात्र 'प्रतिनिधी' म्हणजे नेमके काय? तो कोणाच्या वतीने बोलत होता, कोणाला जबाबदार होता, आणि प्रांतातील लोकांशी त्याचे नाते कोणत्या स्वरूपाचे होते? हे प्रश्न केवळ भूतकाळाचे नाहीत. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत राज्यपालपद आहे, आणि त्या पदाच्या अधिकारांच्या वर्णनात 'स्वविवेक' हा जो शब्द येतो, तो थेट वसाहतकालीन कायद्यातून आलेला आहे. म्हणूनच त्या शब्दामागील इतिहास तपासणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत निबंधात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदाचा १८५८ ते १९४७ या कालखंडातील विकास अभ्यासला आहे. गव्हर्नरच्या अधिकारांचे मूळ, त्याची उत्तरदायित्वाची दिशा आणि त्याच्या स्वविवेकाला पडलेल्या मर्यादा हे या अभ्यासाचे तीन मुख्य विषय आहेत. मुंबईच्या उदाहरणाला पूरक म्हणून मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतातील १९३८ च्या एका प्रकरणाचाही विचार केला आहे. राजसत्तेच्या नावामुळे गव्हर्नरचे उत्तरदायित्व प्रांताबाहेर राहिले. कायद्यातील सुधारणांनी त्याच्या कारभाराची व्याप्ती कमी केली, पण स्वविवेकाचा गाभा तसाच राहिला. आणि त्या स्वविवेकाला जो काही लगाम बसला तो कायद्याच्या शब्दांपेक्षा संघटित लोकमताने बसवला, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

राजाचे बेट, कंपनीचे बेट, राणीचा इलाखा

मुंबईचा इंग्लंडच्या राजसत्तेशी संबंध १८५८ मध्ये प्रथम आला, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तो त्याहून दोन शतके जुना आहे. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याबरोबर मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्स राजास मिळाले. हम्फ्री कुक याने १६६५ मध्ये राजाच्या वतीने बेटाचा ताबा घेतला. मात्र हे दूरचे बेट सांभाळणे राजाला परवडेना. १६६८ च्या सनदेने वार्षिक दहा पौंड खंडावर ते ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवण्यात आले. म्हणजे मुंबई ही काही वर्षे खुद्द राजाची वसाहत होती, आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे व्यापारी कंपनीची ठाणेदारी होती. कंपनीच्या गव्हर्नरची दृष्टी प्रथम वखारीवर, नंतर फौजेवर आणि १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर महसुलावर होती.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने कंपनीचा कारभार संपला. त्या वेळी मुंबईच्या गव्हर्नरपदी लॉर्ड एल्फिन्स्टन होते. १८१९ ते १८२७ या काळातील माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे ते पुतणे. जाहीरनाम्यामुळे कारभार करणारी माणसे बदलली नाहीत, कचेऱ्या बदलल्या नाहीत, कंपनीच्या काळातील कायदेही बहुतांशी तसेच राहिले. बदलले ते अधिकाराचे उगमस्थान. कालपर्यंत संचालक मंडळाचा नोकर असलेला गव्हर्नर आज राणीचा प्रतिनिधी झाला. हा बदल वरवर नाममात्र वाटला, तरी त्याचे परिणाम दूरगामी होते. व्यापारी कंपनीच्या कारभारावर टीका करणे ही एक गोष्ट होती. राणीच्या प्रतिनिधीवर टीका करणे राजद्रोहाच्या सीमेपर्यंत जाऊ शकत होते.

पदाची घडण

१८५८ नंतरच्या व्यवस्थेत सर्व प्रांतप्रमुख एका दर्जाचे नव्हते. बंगाल, वायव्य प्रांत, पंजाब येथे लेफ्टनंट गव्हर्नर असत. ते सामान्यतः सनदी नोकरीतून वर आलेले असत आणि त्यांची नेमणूक गव्हर्नर जनरल राजसत्तेच्या संमतीने करीत असे. मुंबई व मद्रास या दोन जुन्या इलाख्यांचे गव्हर्नर मात्र थेट राजसत्तेकडून नेमले जात. त्यांना लंडनमधील भारतमंत्र्यांशी परस्पर पत्रव्यवहार करण्याचा अधिकार होता. या पदावर बहुधा इंग्लंडच्या राजकारणातील उमराव किंवा संसदसदस्य येत. सर बार्टल फ्रिअर (१८६२–१८६७) आणि सर रिचर्ड टेंपल (१८७७–१८८०) हे सनदी नोकरीतून आलेले गव्हर्नर या नियमाला अपवाद होते.

या व्यवस्थेमागे एक विचार होता. इंग्लंडमधून नव्याने आलेला उमराव स्थानिक नोकरशाहीच्या गटबाजीपासून अलिप्त राहील, अशी अपेक्षा होती. पण त्याची दुसरी बाजूही होती. साधारण पाच वर्षांसाठी आलेल्या या गृहस्थाला इलाख्याची भाषा येत नसे, रयतवारीची गुंतागुंत ठाऊक नसे, आणि माहितीसाठी तो आपल्या कार्यकारी मंडळावर व सचिवांवर अवलंबून असे. १८९५ मध्ये इलाख्यांच्या स्वतंत्र फौजा रद्द होईपर्यंत मुंबईचा सरसेनापतीही या मंडळाचा सभासद होता. उरलेले दोन सभासद सनदी नोकरीतील असत. निर्णय बहुमताने होत, समसमान मते पडल्यास गव्हर्नरचे मत निर्णायक ठरे, आणि इलाख्याच्या सुरक्षिततेचा व शांततेचा प्रश्न असेल तेव्हा मंडळाचे बहुमत झुगारण्याचाही त्याला अधिकार होता. 'शांतता व सुरक्षितता' हे शब्द येथे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पुढील ऐंशी वर्षांच्या प्रत्येक सुधारणेत ते थोड्याफार फरकाने कायम राहिले.

वैभव आणि कारभार

राजसत्तेचे प्रतिनिधित्व केवळ कागदावर करता येत नाही. ते दिसावे लागते. गव्हर्नरचे वर्ष ऋतुमानाप्रमाणे विभागलेले असे. हिवाळा मुंबईत, कडक उन्हाळा महाबळेश्वरी आणि पावसाळा पुण्यास. मुंबईतील परळचे जुने निवासस्थान मागे पडून मलबार पॉइंट येथे गव्हर्नरचा मुक्काम हलला, आणि परळच्या त्याच वास्तूत १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. पुण्याजवळ गणेशखिंड येथील भव्य प्रासादाचे काम फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, कापसाच्या तेजीच्या दिवसांत सुरू झाले. आज ती पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. दरबार, मेजवान्या, सरदारांच्या भेटी, पदव्यांचे वाटप या सर्वांतून इलाख्यातील संस्थानिक, सरदार, शेटसावकार यांना राजसत्तेशी बांधून ठेवले जाई.

परंतु वैभवाच्या या आवरणाखाली अधिकाराची साखळी कशी होती, हे क्रॉफर्ड प्रकरणावरून दिसते. लॉर्ड रे (१८८५–१८९०) यांच्या कारकिर्दीत, १८८८ मध्ये, मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर लाचलुचपतीचे आरोप आले. साक्षीपुरावा मिळावा म्हणून मुंबई सरकारने लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना अभय दिले. चौकशी आयोगाने लाचेच्या आरोपांतून क्रॉफर्ड यांना मुक्त केले. हाताखालच्या व इतर लोकांकडून कर्ज काढल्याचा दोष मात्र त्यांच्यावर राहिला आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. खरा पेच त्यानंतर उभा राहिला. कबुली दिलेल्या मामलेदारांना अधिकारपदावर ठेवणे इंग्लंडमधील टीकाकारांना मान्य नव्हते. अखेर वरिष्ठांच्या निर्णयानुसार काही मामलेदारांना नोकरीस मुकावे लागले. पुण्यात टिळकांनी या मामलेदारांचा पक्ष घेतला. मुद्दा लाच देणाऱ्यांच्या निर्दोषत्वाचा नव्हता, सरकारने दिलेल्या शब्दाचा होता. राजसत्तेच्या प्रतिनिधीने दिलेला शब्द राजसत्तेच्याच मंत्र्याने पुरता पाळला नाही, तर प्रजेने विश्वास कोणावर ठेवायचा? गव्हर्नर प्रजेपुढे राणीच्या नावाने सर्वाधिकारी भासत होता, पण लंडनपुढे तो एक दुय्यम अधिकारी होता, ही गोष्ट या प्रकरणाने उघड केली.

प्लेग, पुणे आणि राणीचा हीरक महोत्सव

लॉर्ड सँडहर्स्ट (१८९५–१९००) यांच्या काळातील प्लेगची साथ हा या पदाच्या इतिहासातील सर्वांत कसोटीचा प्रसंग म्हणावा लागेल. मुंबईत १८९६ मध्ये साथ सुरू झाली, आणि १८९७ च्या आरंभी साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा संमत होऊन सरकारच्या हाती असाधारण अधिकार आले. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरझडतीसाठी गोऱ्या सैनिकांची पथके वापरली गेली. घराघरांत शिरणे, सामान बाहेर काढणे, स्त्रियांची तपासणी, रुग्णांना सक्तीने हलवणे यांविरुद्ध तक्रारींचा ओघ सुरू झाला. या तक्रारी पोचवायच्या कोणाकडे? तक्रार ज्या समितीविरुद्ध होती ती गव्हर्नरने नेमलेली, आणि दाद मागायची ती गव्हर्नरकडेच. कायदेकौन्सिलात निवडून आलेले थोडे सभासद होते; त्यांना प्रश्न विचारता येत, पण कारभार रोखता येत नव्हता.

२२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या निवासस्थानी समारंभ होता. तेथून परतताना रँड व आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्या रात्री त्या रस्त्यावर राजसत्तेचे वैभव आणि राजसत्तेचा कारभार यांची गाठ पडली, असे म्हणता येईल. त्यानंतर सरकारने उचललेली पावले गव्हर्नरच्या अधिकारांचे स्वरूप स्पष्ट करतात. कायदेकौन्सिलाचे सभासद असलेल्या टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. अशा खटल्यास सरकारची मंजुरी लागत असे. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंना तर खटलाही न चालवता स्थानबद्ध केले गेले, आणि त्यासाठी वापरलेला कायदा होता १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन. कंपनीच्या काळात, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या संहितेत नव्या जिंकलेल्या मुलखासाठी केलेले हे हत्यार सत्तर वर्षांनी राणीच्या गव्हर्नरने बाहेर काढले. जाहीरनाम्यातील आश्वासने आणि जुन्या रेग्युलेशनची कलमे ही दोन्ही एकाच हाताशी होती. कोणते केव्हा वापरायचे, हे ठरवणारा विवेक गव्हर्नरचा होता आणि त्याचा हिशेब तो इलाख्यात कोणालाही देणे लागत नव्हता.

अध्यक्षस्थानी गव्हर्नर

१८६१ च्या कायद्याने मुंबईस कायदेकौन्सिल मिळाले आणि १८६२ मध्ये त्याचे कामकाज सुरू झाले. जगन्नाथ शंकरशेट हे आरंभीच्या नामनियुक्त हिंदी सभासदांपैकी एक होते. १८९२ च्या कायद्याने अप्रत्यक्ष निवडणुकीचे तत्त्व मर्यादित स्वरूपात आले, आणि १९०९ च्या कायद्याने सभासदसंख्या वाढली. या सर्व काळात एक गोष्ट बदलली नाही. कौन्सिलाच्या अध्यक्षस्थानी स्वतः गव्हर्नर बसत असे. ज्या सरकारच्या धोरणावर टीका करायची, त्या सरकारचा प्रमुखच सभेचा अध्यक्ष होता. संमत झालेल्या विधेयकाला संमती देणाराही तोच.

या रचनेतील कुचंबणा १९०१ मध्ये उघड झाली. लॉर्ड नॉर्थकोट यांच्या कारकिर्दीत जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करणारे विधेयक आले. सारा न भरल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन हस्तांतराचा हक्क न देता पुन्हा कसण्यास देण्याची तरतूद त्यात होती. सावकारी पाशातून कुणब्याला सोडवणे हा सरकारचा दावा होता. रयतेचा मालकी हक्कच हिरावला जात आहे, हा विरोधकांचा आक्षेप. विधेयक घाईने संमत न करता त्यावर लोकमत अजमावावे, ही फिरोजशहा मेहता यांची सूचना फेटाळली गेली. तेव्हा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. गोखले यांनी चारच वर्षांपूर्वी, प्लेगच्या पथकांवरील आरोप सिद्ध करता न आल्यामुळे, गव्हर्नरची जाहीर क्षमा मागितली होती. अशा मवाळ नेत्यालाही सभात्याग करावासा वाटला, यातच त्या प्रसंगाचे महत्त्व आहे. विधेयक संमत झालेच. परंतु गव्हर्नरच्या उपस्थितीचा दरारा मोडता येतो, हे प्रथमच सभागृहात दिसले.

द्विदल राज्यपद्धती

१९१९ च्या कायद्याने खात्यांची राखीव व सोपीव अशी विभागणी झाली. १९२१ पासून गव्हर्नर कायदेकौन्सिलाच्या अध्यक्षपदावरून दूर झाला आणि सर नारायण चंदावरकर हे पहिले अध्यक्ष झाले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांकडे आली. अर्थ, महसूल, पोलीस ही राखीव राहिली. शिक्षणमंत्री रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या काळात १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पण शाळांसाठी लागणारा पैसा ज्या अर्थखात्याकडून यायचा, ते खाते मंत्र्यांच्या कक्षेबाहेर होते. दोन्ही दलांना जोडणारा एकमेव दुवा गव्हर्नर होता. कौन्सिलाने नाकारलेले, परंतु राखीव खात्यांसाठी आवश्यक वाटणारे विधेयक प्रमाणित करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. म्हणजे सभागृहाच्या खुर्चीवरून उतरलेला गव्हर्नर कारभाराच्या मध्यभागी अधिक भक्कमपणे उभा राहिला.

१९३५ चा कायदा : अधिकारांचे तीन थर

१९३५ च्या कायद्याने प्रांतांतील द्विदल पद्धती रद्द केली आणि सर्व खाती मंत्र्यांकडे सोपवली. प्रांतिक स्वायत्तता असे या व्यवस्थेला नाव मिळाले. परंतु गव्हर्नरच्या अधिकारांची मांडणी पाहता त्या स्वायत्ततेचे तीन थर दिसतात. पहिल्या थरात गव्हर्नर मंत्र्यांच्या सल्ल्याने वागे. दुसऱ्यात तो मंत्र्यांचा सल्ला ऐकून घेई, पण निर्णय वैयक्तिक निवाड्याने करी. तिसऱ्यात मंत्र्यांना विचारण्याचीही गरज नव्हती. तेथे तो केवळ स्वविवेकाने वागे. मंत्र्यांची निवड करणे व त्यांना दूर करणे, विधिमंडळ बोलावणे व बरखास्त करणे, विधेयकाला संमती देणे वा रोखणे हे अधिकार या तिसऱ्या थरात होते. शिवाय बावन्नाव्या कलमात विशेष जबाबदाऱ्यांची यादी होती. प्रांताच्या शांततेला असलेला गंभीर धोका टाळणे, अल्पसंख्याकांचे न्याय्य हितसंबंध, सनदी नोकरांचे हक्क, संस्थानिकांचे हक्क यांचा त्यात समावेश होता. एखादी बाब स्वविवेकाच्या कक्षेत येते की नाही, हा प्रश्न उद्भवल्यास त्याचाही निर्णय गव्हर्नरच आपल्या स्वविवेकाने करणार होता.

येथे उत्तरदायित्वाची दिशा पाहणे महत्त्वाचे आहे. मंत्र्यांच्या सल्ल्याने वागताना गव्हर्नर घटनात्मक प्रमुख होता. स्वविवेकाने वागू लागताच तो चौपन्नाव्या कलमान्वये गव्हर्नर जनरलच्या देखरेखीखाली येत असे, आणि गव्हर्नर जनरल भारतमंत्र्यांच्या. म्हणजे 'स्वविवेक' हा शब्द व्यक्तीचे स्वातंत्र्य सुचवीत असला, तरी व्यवहारात त्याचा अर्थ 'प्रांताऐवजी दिल्लीचे व लंडनचे ऐकणे' असाच होता. स्वविवेक प्रांतातील लोकांच्या दृष्टीने स्वतंत्र होता. वरिष्ठांच्या दृष्टीने तो आज्ञाधारकपणाच होता.

१९३७ : आश्वासनाचा वाद

१९३७ च्या आरंभीच्या निवडणुकांत मुंबईच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या. स्पष्ट बहुमतास दोन जागा कमी असल्या, तरी सर्वांत मोठा पक्ष तोच होता. घटनात्मक कारभारात गव्हर्नर आपल्या विशेष अधिकारांनी हस्तक्षेप करणार नाहीत आणि मंत्र्यांचा सल्ला डावलणार नाहीत, असे आश्वासन मिळाल्याशिवाय मंत्रिपदे स्वीकारायची नाहीत, असा निर्णय काँग्रेसने मार्चमध्ये घेतला. कायद्याने घातलेली जबाबदारी आश्वासन देऊन सोडता येत नाही, असे सरकारचे उत्तर होते. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे नव्हते.

१ एप्रिल १९३७ रोजी कायदा अमलात आला तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी सर धनजीशहा कूपर यांना मंत्रिमंडळ बनवण्यास सांगितले. या मंत्रिमंडळामागे विधानसभेत बहुमत नव्हते, आणि त्याला विधानसभेला सामोरेही जावे लागले नाही. कायद्याचे अक्षर पाळले गेले; जबाबदार राज्यपद्धतीचे तत्त्व मात्र पोकळ ठरले. बहुमत नसलेले मंत्रिमंडळ केवळ गव्हर्नरच्या मर्जीवर उभे राहू शकते, हे त्या साडेतीन महिन्यांनी दाखवले. तसेच ते फार काळ उभे राहू शकत नाही, हेही दाखवले.

जूनमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी केलेल्या निवेदनात मागितलेले आश्वासन शब्दशः नव्हते, पण गव्हर्नर मंत्र्यांशी संघर्ष टाळण्याचा प्रयत्न करतील आणि विशेष अधिकार ऊठसूट वापरणार नाहीत, असा सूर होता. जुलैमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यास मंत्रिपदे स्वीकारण्याचा निर्णय घेतला, आणि १९ जुलै १९३७ रोजी बाळ गंगाधर खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. कायद्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती ते वापरणाऱ्यांमधील समजूत. कायदेभंगाच्या चळवळीत जप्त झालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी परत करण्यासाठी या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये कायदा केला. पूर्वीच्या सरकारने राजसत्तेच्या नावाने केलेली शिक्षा लोकनियुक्त मंत्र्यांनी त्याच राजसत्तेच्या नावाने मागे घेतली, आणि गव्हर्नरला त्यास संमती द्यावी लागली. ऐंशी वर्षांच्या या इतिहासात एवढा पालट पूर्वी झाला नव्हता.

नागपूरचे प्रकरण

ही समजूत किती नाजूक होती, हे इतर प्रांतांत लवकरच दिसले. राजबंद्यांच्या सुटकेच्या प्रश्नावरून फेब्रुवारी १९३८ मध्ये संयुक्त प्रांत व बिहार येथील मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. काही दिवसांत तडजोड होऊन ती पुन्हा कामास लागली. त्याहून गुंतागुंतीचे प्रकरण जुलै १९३८ मध्ये नागपुरात घडले. मध्यप्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांचे महाकोशलातील सहकाऱ्यांशी पटेनासे झाले. त्यांनी राजीनामा दिला व सहकाऱ्यांनाही तो देण्यास सांगितले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी काँग्रेस श्रेष्ठींच्या आदेशाशिवाय राजीनामा देण्यास नकार दिला. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्या तिघांना पदच्युत केले आणि खरे यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. श्रेष्ठींच्या दडपणामुळे हे मंत्रिमंडळ दोन-तीन दिवसही टिकले नाही. शुक्ल पंतप्रधान झाले. कार्यकारिणीने खरे यांच्यावर ठपका ठेवला आणि गव्हर्नरच्या घाईवरही टीका केली.

या प्रकरणात गव्हर्नर चुकला काय? इंग्लंडच्या संसदीय प्रथेप्रमाणे पंतप्रधानाच्या सल्ल्याने मंत्र्यांना दूर करणे यात वावगे काही नव्हते. उलट सल्ला न मानता गव्हर्नर थांबला असता, तर त्यावरही पक्षपाताचा आरोप झाला असता. दुसऱ्या बाजूने पाहता, विधानसभेतील पक्षाचा विश्वास खरे यांच्यावर आहे की नाही याची खातरजमा करण्यास एक-दोन दिवस थांबणे अशक्य नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाचा खरा धडा दोहोंपलीकडचा आहे. गव्हर्नरचे कृत्य घटनात्मक प्रथेला धरून असले, तरी परक्या राजसत्तेचा प्रतिनिधी या त्याच्या स्थानामुळे त्या कृत्याकडे निःपक्षपाती म्हणून कोणी पाहू शकत नव्हते. पंचाची नेमणूक एका पक्षाने केलेली असेल, तर त्याचा योग्य निवाडाही संशयास्पद ठरतो.

त्र्याण्णवावे कलम

सप्टेंबर १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळांना न विचारता भारताला महायुद्धात ओढण्यात आले. नोव्हेंबरच्या आरंभी खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी त्र्याण्णवाव्या कलमान्वये प्रांताचा कारभार हाती घेतला. घटनात्मक यंत्रणा चालू शकत नाही अशी गव्हर्नरची खात्री झाल्यास मंत्रिमंडळाचे व विधिमंडळाचेही अधिकार त्याला स्वतःकडे घेता येत. सनदी नोकरीतील सल्लागारांच्या मदतीने चाललेला हा कारभार १९४६ पर्यंत टिकला. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव घोषित झाला आणि धरपकडीला आरंभ झाला, तेव्हा प्रांतात लोकांना जबाबदार असलेले सरकार नव्हते. राजसत्तेचा प्रतिनिधी हाच कायदा करणारा आणि तोच कायदा चालवणारा होता. १९३७ ची समजूत ज्या राजकीय परिस्थितीवर उभी होती ती संपताच, १९३५ चे अक्षर पूर्ण बळानिशी पुढे आले. प्रथेने दाबून ठेवलेला अधिकार नष्ट होत नाही, तो वाट पाहत असतो, हे या सहा वर्षांनी सिद्ध केले.

वारसा

स्वातंत्र्यानंतर १९३५ च्या कायद्यात केलेल्या दुरुस्त्यांनी गव्हर्नरच्या बाबतीतील 'स्वविवेक' व 'वैयक्तिक निवाडा' हे शब्द वगळण्यात आले. सर जॉन कोलव्हिल हे मुंबईचे अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर. १९४८ मध्ये राजा महाराज सिंग यांनी त्यांच्याकडून सूत्रे घेतली. घटना समितीने १९४७ मध्ये लोकनियुक्त राज्यपालाची कल्पना स्वीकारली होती. १९४९ मध्ये मात्र राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल हे रूप निश्चित झाले. वगळलेला स्वविवेक १६३ व्या अनुच्छेदात मर्यादित रूपाने परतला, आणि त्र्याण्णवाव्या कलमाची छाया ३५६ व्या अनुच्छेदावर पडली. हरी विष्णू कामत यांनी स्वविवेकाच्या शब्दांना विरोध केला, डॉ. आंबेडकर यांनी त्यांचे समर्थन केले. खेर यांनी दोन वेळा राजसत्तेच्या गव्हर्नरखाली मंत्रिमंडळ चालवले होते. राज्यपाल चांगला असेल तर अल्प अधिकारांतही पुष्कळ भले करील आणि वाईट असेल तर पुष्कळ उपद्रव करील, असे त्यांनी घटना समितीत सांगितले. हे उद्गार अनुभवातून आलेले होते.

पुढील काळात या स्वविवेकाला मर्यादा घालण्याचे काम न्यायालयांनी केले. १९९४ च्या बोम्मई निकालाने मंत्रिमंडळाच्या बहुमताचा निर्णय राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावा हे तत्त्व दृढ केले. महाराष्ट्रातील जून २०२२ च्या घडामोडींसंबंधी ११ मे २०२३ रोजी दिलेल्या निकालात, विश्वासदर्शक ठरावासाठी राज्यपालांनी दिलेला आदेश समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९३७ मध्ये जे आश्वासन मागून मिळाले नाही, ते पुढे न्यायनिर्णयांतून थोडेथोडे मिळत गेले.

निष्कर्ष

१. राजसत्तेचे प्रतिनिधित्व हे मुंबईच्या गव्हर्नरच्या प्रतिष्ठेचे मूळ होते, आणि तेच त्याच्या उत्तरदायित्वाच्या अभावाचेही कारण होते. क्रॉफर्ड प्रकरण व प्लेग यांतून ही दुहेरी स्थिती स्पष्ट होते.

२. १८६१ ते १९३५ या काळातील सुधारणांनी गव्हर्नरच्या दैनंदिन कारभाराचे क्षेत्र कमी केले. परंतु शांतता व सुरक्षिततेच्या नावाने राखलेला अंतिम अधिकार प्रत्येक वेळी कायम ठेवला.

३. 'स्वविवेक' हा वस्तुतः व्यक्तिगत विवेकाचा अधिकार नव्हता. उत्तरदायित्वाची दिशा प्रांताकडून वरिष्ठांकडे वळवणारी ती यंत्रणा होती.

४. १९३७ ते १९३९ या काळात या अधिकाराला लगाम बसला तो बहुमत असलेल्या संघटित पक्षामुळे. परंतु केवळ समजुतीवर आधारलेला हा लगाम परिस्थिती बदलताच सुटला.

पदाचे नाव बदलले, नेमणूक करणारी सत्ता बदलली, ती आपली झाली. हा फरक मूलभूत आहे आणि तो नाकारणे इतिहासाशी अप्रामाणिक ठरेल. तथापि एखाद्या पदाधिकाऱ्याने स्वविवेकाने घेतलेल्या निर्णयाचा हिशेब कोणाला द्यायचा, हा १८९७ च्या पुण्यातील नागरिकांना पडलेला प्रश्न घटनेच्या अभ्यासकांपुढे आजही उभा आहे. त्याचे उत्तर पदावरील व्यक्तीच्या सौजन्यावर सोडून भागत नाही, एवढे तरी मुंबई इलाख्याचा इतिहास निश्चितपणे सांगतो.